वाडीवरच्या शाळेचा पाया घालणारे अण्णा

दरवर्षी २२ सप्टेंबरला रयत शिक्षण संस्थेच्या शाळांतून कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती साजरी होते. प्रभातफेरी निघते, भाषणं होतात. भाषणांत हायस्कुलं येतात, कॉलेजं येतात, आणि तो मान त्यांचा आहेच. पण शेतकऱ्याच्या नजरेनं बघितलं तर अण्णांचं सगळ्यात मोठं काम चौथीपर्यंतच्या शाळेचं आहे. वाडीवर, डोंगराच्या सपाटीला, जिथं सरकारची शाळा पोचली नव्हती तिथं त्यांनी मास्तर पाठवला. त्याबद्दल मात्र फार कमी बोललं जातं.

भाऊरावांचा जन्म १८८७ चा, कोल्हापूर भागातल्या कुंभोजचा. मूळ गाव वाळवा तालुक्यातलं ऐतवडे बुद्रुक. घर जैन शेतकऱ्याचं, वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत. शिकायला कोल्हापुरात राजाराम हायस्कुलात गेले, जैन बोर्डिंगात राहिले. तिथं अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आल्यावर अंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सुटलं. शाहू महाराजांनी आसरा दिला. पण शाळेत मन रमलं नाही, गणिताचं तर वावडंच होतं असं सांगतात. इंग्रजी सहावीच्या पुढं शिक्षण गेलं नाही, मॅट्रिक राहिलंच. नंतर साताऱ्यात येऊन त्यांनी पोटापाण्यासाठी शिकवण्या घेतल्या आणि गावात पाटील मास्तर म्हणून ओळखले जाऊ लागले.

पुढचा काळ फिरतीचा. ओगल्यांच्या काच कारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकायचं काम त्यांनी केलं. लोखंडी नांगरानं जमीन नासते असा समज असणारे शेतकरी त्या वेळी गावोगाव होते. अशा माणसाच्या बांधावर जाऊन त्याला पटवायचं म्हणजे नुसत्या बोलण्यानं भागत नाही, त्याचं घर, त्याची पोरं, त्याचं कर्ज सगळं बघावं लागतं. भाऊरावांनी ते बघितलं. पुढं धनजीशा कूपर यांच्या साताऱ्यातल्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता, पण तिथं मतभेद झाले आणि ते बाहेर पडले. आमच्या मते हा धंद्यातला काळ त्यांच्या शिक्षणाचा खरा काळ होता.

सत्यशोधक विचार अंगात भिनलेला होताच. ४ ऑक्टोबर १९१९ ला कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग निघालं, आणि २५ फेब्रुवारी १९२७ ला महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस हे नाव दिलं गेलं. धनिणीच्या बागेत मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सगळी पोरं एका पंगतीला बसत. लक्ष्मीबाईंनी या पोरांसाठी अंगावरचं सोनं मोडलं, मंगळसूत्रही ठेवलं नाही. १९३० मध्ये त्या गेल्या.

या बोर्डिंगात पोरं काय शिकत, ते जरा नीट बघूया. सकाळी शाळेचा अभ्यास, आणि उरलेल्या वेळात लाकडं फोडणं, पाणी भरणं, भाकरी भाजणं, शेतात राबणं. कुणाच्या जातीला कुठलं काम असा भेद नाही. शंभर तोंडांना पीठ किती लागेल, ज्वारी आठवडाभर पुरेल का, याचा हिशेब ज्याला घालावा लागतो त्याला त्रैराशिक वेगळं शिकवावं लागत नाही. पाणी कुठून आणायचं नि भांडी कुठं धुवायची हे ठरवताना आरोग्याचा धडा होतो. वर्धा इथं १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींनी नयी तालीम मांडली, हातकामातून सगळे विषय शिकवावेत असं सुचवलं, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं त्याचा अभ्यासक्रम केला. त्या वेळी साताऱ्यातल्या बोर्डिंगाला तेरा वर्षं होऊन गेली होती. वर्ध्याला टकळी मध्ये होती, साताऱ्याला फावडं, एवढाच फरक म्हणावा.

आता वाडीवरच्या शाळेकडं येऊ. त्या वेळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा कितीतरी मोठा. वाळवा, शिराळा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच होते. १९४९ साली त्याचे उत्तर सातारा नि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याचं नाव १९६० मध्ये सांगली झालं. या सगळ्या मुलखात मोठ्या गावाला शाळा असायची, पण जावळीच्या डोंगरातल्या किंवा माण-खटावच्या माळावरच्या वस्तीला नाही. पोरगं गुरांमागं, पोरगी धाकट्या भावंडामागं.

शाळा काढायची तर मास्तर पाहिजे, आणि शहरातला मास्तर वाडीवर टिकत नाही हे अण्णांना ठाऊक होतं. म्हणून १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज निघालं. फायनल पास झालेल्या खेड्यातल्या पोरांना तिथं मास्तरकीचं शिक्षण मिळे. बाईमाणसांनाही शिकवता यावं म्हणून १९४२ मध्ये जिजामाता अध्यापिका विद्यालय झालं. आधी मास्तर आणि मग शाळा हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आपल्याकडं पुष्कळदा इमारत आधी होते.

१९३७ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. जिथं शाळा नाही तिथं संस्थेनं शाळा काढावी आणि सरकारनं अनुदान द्यावं, अशी व्हॉलंटरी शाळांची योजना पुढं आली. भाऊरावांनी ती उचलली. साताऱ्याच्या वर, कासच्या वाटेवरच्या यवतेश्वरला १९३८ साली पहिली शाळा भरली. मग एकामागून एक निघत गेल्या. देवळात, चावडीत, धर्मशाळेत, जागा मिळेल तिथं. या शाळांचा आकडा पुढं ५७८ वर गेला.

एक मास्तर आणि चार इयत्ता, असाच बहुतेक ठिकाणी प्रकार. तेव्हाच्या मराठी शाळेत विषय म्हणजे वाचन, लेखन, अंकगणित, तालुक्या-जिल्ह्याचा भूगोल, इतिहासाच्या गोष्टी, स्वच्छता. त्यात मोडीही होती. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना मोडी वाचणारा माणूस हुडकायला किती वणवण झाली, ते तलाठी नि ग्रामसेवक मंडळींना सांगायला नको. त्या काळी खरेदीखत, गहाणखत, सावकाराचा कागद यांत मोडी असायची, आणि चौथी झालेला पोरगा ती थोडीफार लावायचा.

गणिताचंही तसंच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी हे पाढे घोकून घ्यायचे. आजच्या पोरांना त्यांची नावंही माहीत नाहीत. पण बियाण्याला धान्य नडलं की सावकाराकडून सवाईनं नाहीतर दिडीनं आणावं लागे. सहा पायल्या आणल्या तर सुगीला सवाईनं साडेसात आणि दिडीनं नऊ परत करायच्या. सवायकी पाठ असलेलं पोर बापाशेजारी मापाला उभं राहिलं की मापात खोट करायला अवघड जाई. रुपयाचे सोळा आणे नि आण्याच्या बारा पै, एकराचे चाळीस गुंठे, हे सगळं त्याच वयात डोक्यात बसे. वाचनाच्या तासाला शिकलेलं अक्षर पावतीवर उपयोगी पडायचं आणि भूगोलातला तालुका बाजाराच्या वाटेला भेटायचा. एकाच मास्तरच्या तोंडून सगळे विषय यायचे, म्हणून त्यांच्यामध्ये भिंती नव्हत्या. याला दुसरी बाजूही आहे. चार इयत्तांना एक माणूस म्हणजे एकाला शिकवताना तिघांनी पाटीवर गिरवत बसायचं. मास्तर कच्चा निघाला तर चारही इयत्ता कच्च्या. अण्णांना हे दिसत होतं, म्हणून तर ट्रेनिंग कॉलेज आधी.

खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पांढरी दाढी, अशा वेशात ते गावोगाव फिरत. पैसा कुठनं यायचा? पुष्कळसा गावातनंच. घरातल्या बाईनं दळताना मूठभर धान्य बाजूला काढायचं, तो मुष्टिफंड. याची खरी परीक्षा झाली ती १९४८ साली. गांधीजींच्या खुनानंतर भाऊरावांनी मुंबई सरकारवर जाहीर टीका केली आणि संस्थेचं अनुदान बंद झालं. मास्तरांचे पगार अडले. तेव्हा खेड्यातल्या माणसांनी धान्य दिलं, पैसा दिला आणि संस्था तगवली. गाडगेबाबा स्वतः मध्ये पडले, खेरांना भेटले, आणि पुढं अनुदान पुन्हा सुरू झालं. पुढाऱ्याशी भांडण काढून संस्था जगवणं सोपं नाही, आणि शब्द जरा जपून वापरले असते तर मास्तरांच्या चुली विझायची वेळ आली नसती असंही कुणी म्हणेल. पण अनुदान थांबल्यावरही रयत मागं सरली नाही, हे खरं.

स्वातंत्र्यानंतर प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी सरकारनं घेतली तेव्हा या व्हॉलंटरी शाळा स्कूल बोर्डाकडं सोपवण्यात आल्या. गांधीजींच्या नावानं १०१ हायस्कुलं काढायचा निर्धार, साताऱ्याचं शिवाजी कॉलेज, कराडचं गाडगे महाराज कॉलेज, हा पुढचा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. मॅट्रिक न झालेल्या या माणसाला १९५९ साली पुणे विद्यापीठानं डी. लिट. दिली, सरकारनं पद्मभूषण दिला, आणि त्याच वर्षी ९ मे रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि बोर्डाच्या शाळा जिल्हा परिषदेच्या झाल्या. म्हणजे सातारा-सांगलीत आज जी वाडीवरची दोन खोल्यांची शाळा दिसते, तिचं मूळ अण्णांच्या व्हॉलंटरी शाळेत असू शकतं. याच शाळांवर आता पटाची टांगती तलवार आहे. २०१७ च्या डिसेंबरात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या वर शाळा राज्यात बंद करायचं ठरलं होतं. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढं आला. मोठ्या शाळेत खेळायला सवंगडी जास्त, शिक्षक जास्त, हे बरोबर आहे. पण पावसाळ्यात ओढा भरला की डोंगरावरच्या सात वर्षांच्या पोरीनं पलीकडच्या गावाला कसं जायचं, याचं उत्तर कागदावर मिळत नाही. शिक्षण हक्क कायद्यानं पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी असं राज्याच्या नियमात आहे, आणि शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना बहुमत आहे.

सरपंच नि ग्रामसेवकांनी एक करून बघावं. गावच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर बाहेर काढावं आणि पहिल्या पानावरची तारीख बघावी. ती १९३८ ते १९५० च्या दरम्यानची निघाली, तर शाळा कुणी काढली, कुठं भरली, पहिल्या वर्षी पट किती होता, हे गावातल्या वयस्करांना विचारून समितीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावं. पट कमी असल्याची नोटीस आली तर उत्तराला तो कागद जोडता येईल.