बाळकृष्ण शिवराम मुंजे

डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे (१२ डिसेंबर, १८७२, बिलासपूर - मार्च, १९४८, नाशिक) हे नेत्रवैद्य, हिंदू महासभेचे नेते आणि नाशिकच्या भोसला मिलिटरी स्कूलचे संस्थापक होते. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते वैद्यकीय पथकातून दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात गेले.

या युद्धाने जुनी युद्धपद्धती मोडीत काढली. डिसेंबर १८९९ मध्ये मॅगर्सफाँटेन येथे बोअरांनी खंदक टेकडीच्या माथ्यावर न खणता पायथ्याशी खणले. ब्रिटिश तोफांचा मारा रिकाम्या उतारावर वाया गेला व दाट रांगांनी चालून आलेले पायदळ गोळीबारात सापडले. पुढे ब्रिटिशांनी विरळ रांगा आणि तोफमाऱ्याच्या आडून चढाई ही रीत स्वीकारली. पहिल्या महायुद्धात हाच धडा फार मोठी किंमत मोजून पुन्हा गिरवावा लागला. त्या वेळी फ्रान्समधील खंदकांत भारतीय शिपाई लढले, परंतु लढाईची आखणी करणाऱ्या अधिकारीवर्गात भारतीयांना जवळजवळ स्थानच नव्हते.

मुंजे यांचे नंतरचे कार्य प्रामुख्याने या उणिवेशी निगडित आहे. मार्च १९३१ मध्ये इटलीत मुसोलिनीची भेट घेऊन त्यांनी तेथील युवकांचे लष्करी प्रशिक्षण पाहिले. त्यांच्या चरित्रातील हा सर्वांत वादग्रस्त भाग होय. त्याच वर्षी ते चेटवुड समितीचे सदस्य झाले. या समितीच्या शिफारशींतून १९३२ मध्ये डेहराडूनची लष्करी अकादमी उभी राहिली. तेथे जाऊ शकतील असे विद्यार्थी शालेय वयापासूनच घडवण्यासाठी त्यांनी १९३७ मध्ये नाशिकची शाळा सुरू केली.