डॉ. आनंदीबाई जोशी

आमच्या वर्गात माणसाच्या सांगाड्याचा तक्ता टांगला आहे. मोठ्या माणसाच्या अंगात २०६ हाडे असतात असे गुरुजींनी शिकवले. मला त्यातली दहासुद्धा पाठ झाली नाहीत. पण फार वर्षांपूर्वी एक मराठी मुलगी हेच शिकायला, तेही इंग्रजीतून, बोटीने अमेरिकेला गेली होती. तिची माहिती मी लिहिली आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी झाला. घराणे कल्याणचे. माहेरचे नाव यमुना. नऊ वर्षांची असताना तिचे लग्न झाले. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात कारकून, तिच्याहून जवळजवळ वीस वर्षांनी मोठे. मी आता दहा वर्षांची आहे, म्हणजे त्या काळी असते तर माझे लग्न होऊन एक वर्ष झाले असते!

गोपाळरावांना बायकोला शिकवायचेच होते. तेव्हा बाईने हातात पुस्तक घेतले की लोक नावे ठेवायचे. पण त्यांनी कुणाचे ऐकले नाही. अभ्यास झाला नाही की ते आनंदीबाईंना मारायचेसुद्धा. हे मला आवडलं नाही, पण खरं आहे म्हणून लिहिलं.

चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो फक्त दहा दिवस जगला. नीट औषधपाणी मिळाले नाही. तेव्हा बायका पुरुष डॉक्टरला दुखणे सांगायला लाजायच्या आणि बाई डॉक्टर तर नव्हत्याच. बाळ गेल्यावर आनंदीबाईंनी ठरवले की आपणच डॉक्टर व्हायचे.

गोपाळरावांनी अमेरिकेला एक पत्र लिहिले होते. ते तिथल्या एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीच्या कार्पेंटर नावाच्या बाई दाताच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. तिथे बसल्या बसल्या त्यांनी ते मासिक वाचले आणि आनंदीबाईंना पत्र लिहिले. अशी ओळख झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या.

तेव्हा गोपाळरावांची बदली बंगालमध्ये झाली होती. बाई एकटी परदेशी जाणार म्हणून लोक खूप चिडले. मग १८८३ साली आनंदीबाईंनी श्रीरामपूर कॉलेजात सभेपुढे उभे राहून इंग्रजीत भाषण केले. मी का जाते ते सांगितले आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन असेही सांगितले. मला तर प्रार्थनेच्या वेळी सुविचार सांगायचा असला तरी पाय कापतात. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. गोपाळराव सोबत नव्हते. वय अठरा वर्षे.

फिलाडेल्फिया शहरात फक्त बायकांसाठी डॉक्टरीचे कॉलेज होते. ते १८५० साली निघाले. तिथेही सगळं सोपं नव्हतं बरं का. १८६९ साली त्या कॉलेजच्या मुली मोठ्या दवाखान्यात शिकायला गेल्या तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा केला आणि त्यांच्या अंगावर कागदाचे बोळे फेकले. मुली तरी शिकतच राहिल्या.

त्या कॉलेजात शरीररचना आणि शरीरक्रिया असे दोन विषय होते. मला हे दोन्ही एकच वाटले. मग गुरुजींनी विहिरीवरच्या पंपाचे उदाहरण दिले. पंपात कोणकोणते भाग आहेत आणि कुठे बसवले आहेत हे झाले रचना. पंप पाणी कसे ओढतो हे झाले क्रिया. आपले हृदय म्हणजे पंपच आहे. ते मिनिटाला साधारण ७२ वेळा ठोके देते आणि सगळ्या अंगाला रक्त पुरवते. आम्ही मनगटावर बोट ठेवून मोजले. पळून आल्यावर मोजले तर लई जास्त भरले.

पण नुसत्या तक्त्यावर डॉक्टर होता येत नाही. तिथे मुलींनासुद्धा मेलेल्या माणसाचे शरीर कापून आतले भाग बघावे लागत. आपल्याकडे मयताला जाऊन आले तरी अंघोळ करतात. आणि आनंदीबाई तर सोवळ्याओवळ्याच्या घरातल्या. त्या साडी नेसायच्या, मांस खायच्या नाहीत. तरी त्यांनी हाडे, स्नायू, शिरा, फुप्फुसे सगळे शिकून घेतले. मला वाटतं, त्यांना बाळाची आठवण येत असेल म्हणून भीती वाटली नसेल.

तिथली थंडी त्यांना सोसली नाही. जेवण जमेना. तब्येत बिघडत गेली. तरीही ११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. त्या समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या, गोपाळरावही होते. कोल्हापूरच्या दवाखान्यात बायकांच्या विभागावर त्यांना नेमले. नोकरी तयार होती.

पण त्यांना क्षयरोग झाला होता. ज्या फुप्फुसांचा अभ्यास केला तिथेच रोग शिरला. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले. आपल्या डाव्या दंडावर जो वण असतो तो क्षयाच्याच लसीचा, बीसीजीचा. ती लसही तेव्हा नव्हती. १८८६ च्या शेवटी त्या घरी परत आल्या, पण कोल्हापूरला जाऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. एवढं शिकून त्यांना कोल्हापूरची एक बाईसुद्धा तपासता आली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

गोपाळरावांनी त्यांची रक्षा अमेरिकेला कार्पेंटर मावशींकडे पाठवली. मावशींनी ती पोकीप्सी गावी आपल्या घरच्या माणसांच्या स्मशानभूमीत ठेवली. तिथे आनंदीबाईंच्या नावाचा दगड आहे.