शंभर फ्रँकची नोट

दक्षिण फ्रान्समधील आर्जेलिए हे गाव नकाशावर शोधूनच काढावे लागते. नार्बोन शहराच्या वायव्येला, कालव्याकाठी वसलेले आणि चहूबाजूंनी द्राक्षमळ्यांनी वेढलेले हे एक लहानसे खेडे. आज हा परिसर मिनेर्व्हा या नावाने वाइनच्या नकाशावर आहे. बाटलीवर गावाचे, मातीचे, मळेवाल्याचे नाव छापलेले असते आणि चाखणारा मंडळी पेला उजेडात धरून रंग पाहतात, वास घेतात, माळरानावरच्या रानवनस्पतींचा गंध सापडतो का ते शोधतात. माँपेलिए शहरात सेंद्रिय वाइनचे मोठे प्रदर्शन भरते, त्याची सुरुवात १९९३ साली याच लाँगदॉक प्रांतातील मळेवाल्यांनी केली. पेल्यात आहे ते द्राक्षाचेच आहे, हे तिथे कोणी विचारतही नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न घेऊन लाखो माणसे रस्त्यावर उतरली होती, आणि त्यांच्या पुढे आर्जेलिए गावातला एक कॅफेवाला होता. त्याचे नाव मार्सेलँ आल्बेर.

आल्बेर यांचा जन्म २९ मार्च १८५१ रोजी आर्जेलिए येथेच झाला. थोडी द्राक्षशेती, गावातला कॅफे आणि नाटकाचा नाद, एवढा त्यांचा संसार. गावातल्या हौशी मंडळींना जमवून ते प्रयोग बसवीत. अंगाने सडपातळ, दाढी राखलेली, आवाज मोठा आणि बोलणे थांबता थांबेना. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना तिथल्या बोलीत ‘रातकिडा’ असे टोपणनाव दिले होते. त्या भागात उन्हाळाभर झाडावर बसून किर्र आवाज करणारा हा कीटक घराघराला परिचित. त्या नावात कौतुक होते तशी थट्टाही होती. पुढे आल्बेर खरोखरच झाडावर चढून भाषणे करू लागले.

त्यांच्या भाषणांचा विषय एकच होता. फिलॉक्सेरा नावाच्या सूक्ष्म किडीने १८६३ पासून दक्षिणेतील द्राक्षबागा मुळापासून पोखरल्या. अमेरिकी खुंटांवर फ्रेंच वेलींची कलमे करून बागा पुन्हा उभ्या राहिल्या, पण त्यासाठी शेतकरी कर्जात बुडाला. कर्ज फेडायचे तर उत्पादन जास्त हवे, म्हणून सखल जमिनीत आरामाँसारख्या भरघोस पिकणाऱ्या जातीची लागवड झाली. या द्राक्षाची वाइन पातळ, फिकट आणि कमी मद्यार्काची. तिला रंग आणि जोर यावा म्हणून गडद वाइनची जोड द्यावी लागे, आणि ती बहुधा अल्जेरियाहून येई. दरम्यान, बागा उजाड असलेल्या वर्षांत व्यापाऱ्यांना एक सोपी विद्या साधली होती. रस काढून झालेल्या चोथ्यावर पाणी आणि साखर घालून पुन्हा आंबवायचे, किंवा परदेशातून आणलेले बेदाणे कोमट पाण्यात भिजवून त्याचीच ‘वाइन’ करायची. रंगाची उणीव रंगद्रव्यांनी भरून काढता येत असे. बागा पुन्हा फळाला आल्या तरी ही विद्या काही व्यापारी विसरले नाहीत. १९०३ साली साखरेवरील कर कमी झाला आणि उत्तरेतील बीट साखर कारखान्यांबरोबर भेसळ करणाऱ्यांचेही फावले.

परिणाम बाजारात दिसला. शतक संपताना शंभर लिटरला वीस फ्रँकच्या आसपास असलेला भाव काही वर्षांत सहा-सात फ्रँकपर्यंत कोसळला. पिंपे भरलेली, पण गिऱ्हाईक नाही. मजुरांना काम नाही, सावकाराचे हप्ते थकलेले, दुकानदाराची उधारी वाढलेली. इतिहासकार आज सांगतात की, दोष केवळ भेसळीचा नव्हता. लागवडच प्रमाणाबाहेर वाढली होती. ते खरेच आहे. पण ज्याच्या तळघरात अस्सल वाइन आंबट होत पडली होती, त्याला शहरातल्या गुत्त्यात साखरपाण्याची वाइन खपताना दिसत होती, आणि त्याचा संताप समजण्यासारखा होता.

आल्बेर यांनी १९०५ मध्येच एक निवेदन तयार करून सह्या गोळा करायला सुरुवात केली. कर भरायचा नाही, निवडून आलेल्या सर्वांनी राजीनामे द्यावेत, अशी त्यातली मागणी. कॅफेत आलेल्या गिऱ्हाइकापुढे कागद सरकवायचा, बाजारच्या दिवशी शेजारच्या गावी जाऊन झाडाच्या फांदीवरून बोलायचे, हा क्रम दोन वर्षे चालला. लोक हसत. सह्या करीत, तेही हसत हसत.

११ मार्च १९०७ रोजी हसणे थांबले. वाइन व्यवसायाच्या दुरवस्थेची चौकशी करायला संसदेची समिती नार्बोनला आली होती. आर्जेलिएहून ८७ शेतकरी आल्बेर यांच्यामागे तिथे गेले, समितीपुढे आपले म्हणणे मांडले आणि परत आले. बस, एवढेच. मात्र परतल्यावर त्यांनी दर रविवारी एका गावात सभा घ्यायचे ठरवले. पहिल्या रविवारी काही शेकडा माणसे जमली. एप्रिलमध्ये कुर्साँ येथे पाच हजार. ५ मे रोजी नार्बोनला सुमारे ८० हजार, पुढच्या रविवारी बेझिए येथे दीड लाख, मग पेर्पिन्याँ, कार्कासोन, नीम. आकडा दर आठवड्याला फुगत होता. ९ जूनला माँपेलिए येथे जमलेल्या समुदायाचा अंदाज पाच लाखांहून अधिक होता. शहराच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट. रात्री मुक्कामाला जागा नव्हती, तेव्हा तिथल्या बिशपांनी चर्चचे दरवाजे बायका-मुलांसाठी उघडले.

या सभांचे वैशिष्ट्य असे की, त्यात राजेशाहीवादी जमीनदार आणि समाजवादी मजूर शेजारी शेजारी उभे होते. मालक आणि गडी एकाच पाटीखाली चालत होते. हे आल्बेर यांनाच जमले, कारण त्यांना राजकारण कळत नव्हते आणि नकोही होते. ते कोणत्याही पक्षाचे नव्हते. त्यांच्या तोंडी दुसरा विषयच नव्हता. वाइन ही द्राक्षाचीच असली पाहिजे आणि तिला घातलेली साखर थांबली पाहिजे. लोक त्यांना तारणहार म्हणू लागले. त्यांच्या कोटाला हात लावण्यासाठी झुंबड उडे. छायाचित्रांची पोस्टकार्डे खपू लागली. हौशी रंगभूमीवरच्या माणसाला एवढा मोठा प्रेक्षक मिळाला, आणि त्याची धुंदी त्यांना चढली नसेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

डोके चालवणारा माणूस मात्र वेगळा होता. नार्बोनचे महापौर, डॉक्टर आणि समाजवादी नेते एर्नेस्त फेरूल यांनी चळवळीला राजकीय धार दिली. सरकारने १० जूनपर्यंत पावले उचलली नाहीत, तर करबंदी आणि नगरपालिकांचे राजीनामे, असा इशारा दिला गेला. मुदत संपली. फेरूल यांनी राजीनामा दिला, नगरपालिकेवर काळा झेंडा चढला आणि आठवडाभरात चारशेहून अधिक गावांच्या कारभाऱ्यांनी त्यांचा कित्ता गिरवला.

पंतप्रधान आणि गृहमंत्री ही दोन्ही पदे तेव्हा जॉर्ज क्लेमाँसो यांच्याकडे होती. सुरुवातीला त्यांनी हा सगळा प्रकार दक्षिणेकडच्या लोकांचा उथळ उत्साह समजून दुर्लक्षिला. आता त्यांनी सैन्य पाठवले. १९ जूनला फेरूल यांना अटक झाली. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी नार्बोनमध्ये सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. बाजाराला आलेली वीस वर्षांची एक मुलगी त्यांत होती. पेर्पिन्याँ येथे जमावाने सरकारी कचेरी पेटवली. त्याच रात्री आग्द येथे हलवलेल्या १७ व्या पायदळ पलटणीतील सुमारे पाचशे शिपायांनी बंड केले. हे सारे बेझिए भागातलेच भरती झालेले तरुण, म्हणजे मळेवाल्यांचीच मुले. रात्रभर चालत ते बेझिए येथे आले आणि शहराच्या मुख्य रस्त्यावर बसून राहिले. लोकांनी त्यांना खायला-प्यायला घातले. शिक्षा होणार नाही या आश्वासनावर ते परतले खरे, पण त्यांची रवानगी ट्यूनिशियातील गाफ्सा या वाळवंटी ठाण्यावर झाली.

आल्बेर यांच्या नावाचेही वॉरंट निघाले होते. ते निसटले; गावच्या चर्चच्या मनोऱ्यात लपले होते, असे सांगतात. तिथून त्यांनी जे केले ते कोणालाही अपेक्षित नव्हते. कोणाला न सांगता ते पॅरिसला गेले आणि रविवारी, २३ जूनला, थेट गृहमंत्रालयात क्लेमाँसो यांच्यासमोर उभे राहिले.

बंद दाराआड काय झाले, याची हकिगत प्रामुख्याने क्लेमाँसो यांनीच पत्रकारांना सांगितली, हे लक्षात ठेवले पाहिजे. भेसळीविरुद्ध कारवाईचे आश्वासन त्यांनी दिले. त्या बदल्यात आल्बेर यांनी परत जाऊन लोकांना शांत करावे आणि स्वतःला कायद्याच्या स्वाधीन करावे, असे ठरले. कॅफेवाल्याच्या डोळ्यांत पाणी आले, असेही पंतप्रधानांनी सांगितले. आणि परतीच्या गाडीभाड्यासाठी आपण त्याला शंभर फ्रँकची नोट दिली, हेही सांगायला ते विसरले नाहीत. आल्बेर यांनी ती घेतली होती. खिशात पैसे नसलेल्या माणसाने भाड्याचे पैसे घेतले, याहून त्यात अधिक काही नव्हते. क्लेमाँसो जुने पत्रकार होते. कोणती गोष्ट पहिल्या पानावर कशी दिसेल हे त्यांना पुरते ठाऊक होते.

गाडी दक्षिणेत पोहोचण्याआधी बातमी पोहोचली. तारणहार विकला गेला, तोही शंभर फ्रँकना. ज्या हातांनी कोटाला स्पर्श केला होता तेच हात मारायला उठले. चळवळ स्थगित करा, ही त्यांची विनवणी ऐकायला सहकारी तयार नव्हते. २६ जूनला ते माँपेलिए येथे पोलिसांच्या स्वाधीन झाले. तुरुंगात आपल्याच समितीची माणसे त्यांच्याशी धड बोलेनाशी झाली. २ ऑगस्टला सुटका झाली, तेव्हा सभांचे रविवार संपलेले होते.

गंमत अशी की, तोपर्यंत मागणीचा मोठा भाग पदरात पडला होता. २९ जून १९०७ च्या कायद्याने प्रत्येक मळेवाल्याला पिकाची नोंद जाहीर करणे बंधनकारक झाले. किती द्राक्षे पिकली हे एकदा कागदावर आले की, त्याहून अधिक वाइन विकणारा आपोआप उघडा पडतो, इतका साधा हिशेब. पाठोपाठ जुलैमध्ये साखरेच्या विक्रीवर निर्बंध आले. ३ सप्टेंबरच्या आदेशाने केवळ ताज्या द्राक्षांच्या वा त्यांच्या रसाच्या किण्वनातून तयार झालेल्या पेयालाच वाइन म्हणता येईल, अशी व्याख्या ठरली. त्याच महिन्यात भेसळीवर लक्ष ठेवण्यासाठी मळेवाल्यांचा महासंघ नार्बोन येथे स्थापन झाला. अध्यक्षपदी फेरूल यांची निवड झाली. आल्बेर यांना कोणी बोलावले नाही.

पुढची चौदा वर्षे थोडक्यात सांगता येतात. गावात तोंड दाखवणे अवघड झाल्यावर ते काही काळ अल्जेरियात राहिले. परत आले ते गरिबीतच. १२ डिसेंबर १९२१ रोजी, सत्तराव्या वर्षी, आर्जेलिए येथे त्यांचे निधन झाले. क्लेमाँसो तेव्हा महायुद्ध जिंकून देणारे राष्ट्रपुरुष म्हणून देशभर पूजले जात होते, आणि १७ व्या पलटणीच्या बंडावर रचलेले गाणे पॅरिसच्या कामगार वस्त्यांत अजून गायले जात होते.