अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब आणि त्यांचे उपेक्षित ग्रंथ

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची जयंती आली की आपल्या वस्तीवस्तीतून त्यांच्या पदव्या फलकावर लिहिल्या जातात. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बॅरिस्टर. शाळेतली लहान मुलेही त्या तोंडपाठ म्हणून दाखवितात. परंतु यांतील पहिल्या चार पदव्या अर्थशास्त्राच्या आहेत, आणि त्या प्रत्येकीमागे एक स्वतंत्र प्रबंध उभा आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? त्या प्रबंधांत काय लिहिले आहे, ते कोणी वाचले, पुढच्या विद्वानांपैकी कोणी त्यांचा आधार घेतला, हे तर त्याच्याही पुढचे प्रश्न. आजकाल विद्वानाची उंची त्याच्या लेखनाचा इतरांनी किती वेळा संदर्भ दिला यावरून मोजतात. त्या मापाने बाबासाहेबांच्या अर्थशास्त्रीय लेखनाची नोंद कित्येक दशके जवळजवळ कोरीच राहिली. मी पदवीला अर्थशास्त्र घेतले होते. तीन वर्षांच्या क्रमिक पुस्तकांत बाबासाहेबांचे नाव एकदाही आले नाही. घरात पहिल्यानेच कोणी पदवीपर्यंत पोचलेले असल्यामुळे ते नाव का नाही, हे विचारायचे असते हेही मला तेव्हा सुचले नाही.

बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. अर्थशास्त्र हा मुख्य विषय, आणि जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान व मानववंशशास्त्र. सार्वजनिक राजस्वाचे नामवंत पंडित प्रा. एडविन सेलिग्मन हे त्यांचे गुरू. १९१५ साली एम.ए.साठी त्यांनी ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची आर्थिक व्यवस्था यावर प्रबंध लिहिला. प्रबंध लहान, पण रोख स्पष्ट होता. कंपनीने रयतेकडून सारा, मीठ, अफू यांच्या वाटेने पैसा काढला, त्यातला लोकोपयोगी बांधकामांवर फारच थोडा खर्च केला, आणि अखेर कंपनी गेली तेव्हा तिच्या कर्जाचा बोजा हिंदी जनतेच्याच माथी आला. चोवीस वर्षांच्या महार तरुणाने हा हिशेब मांडला, तोही परक्या देशात बसून.

१९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ साली अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुस्तकांचे सामान वेगळ्या बोटीने पाठविले होते. महायुद्ध चालू होते. ती बोट पाणसुरुंगाच्या माऱ्यात बुडाली आणि पुस्तकेही गेली. बडोद्यात नोकरीवर हजर झाल्यावर राहायला जागा मिळाली नाही, पारशी खाणावळीतून हाकलले गेले, ही कथा आपल्या वाचकांना पाठ आहे, म्हणून ती येथे पुन्हा सांगत नाही.

परंतु त्याच हलाखीच्या दिवसांत, १९१८ साली, त्यांनी हिंदुस्थानातील लहान शेतजमिनी आणि त्यावरील उपाय या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. तो खेड्यातल्या प्रत्येक माणसाने समजून घ्यावा असा आहे. त्या काळी सरकारी अधिकारी आणि पंडित एकच रट लावून बसले होते: शेताचे तुकडे फार झाले, ते एकत्र करा, म्हणजे शेती सुधारेल. बडोदे सरकारच्या समितीनेही तेच सांगितले होते. बाबासाहेबांनी विचारले की, लहान शेत म्हणजे काय? दहा एकर लहान की पन्नास? नुसत्या एकरांवरून ते ठरत नाही. त्या जमिनीवर बैल किती, अवजारे किती, भांडवल किती, राबणारे हात किती, यांच्या प्रमाणावरून ते ठरते. ज्याच्याकडे धड बैलजोडी नाही त्याला जमीन वाढवून दिली तरी तो बुडणारच. खरा रोग असा की शेतीत गरजेपेक्षा जास्त माणसे अडकून पडली आहेत. ती कामावर दिसतात, पण त्यांच्या असण्याने पीक वाढत नाही. यावरचा इलाज म्हणजे उद्योगधंदे वाढवून ही माणसे शेतीबाहेर काढणे. जमिनीवरचा भार हलका झाला की तुकड्यांचा प्रश्नही सैल होईल.

शेतीतल्या जादा मजुरांचा विचार जगभर गाजला तो १९५४ सालच्या आर्थर लुईस यांच्या लेखामुळे, आणि लुईस यांना पुढे १९७९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. लुईस यांनी बाबासाहेबांचे उचलले असे मी म्हणत नाही; दोघांची वाट स्वतंत्र आहे. परंतु छत्तीस वर्षे आधी मुंबईच्या एका नियतकालिकात हा विचार छापलेला होता, आणि आपल्याच देशातल्या अर्थशास्त्रज्ञांना त्याची आठवण होऊ नये, याचे नवल वाटते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. प्राध्यापकांच्या खोलीतल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये अशी हरकत काही सहकाऱ्यांनी घेतली, म्हणजे बडोदे मागे राहिले तरी विटाळ सोबत आलाच. पगारातून पैसे साठवून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेऊन आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून कर्ज काढून ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. अर्धपोटी राहून ग्रंथालयात दिवस काढले. १९२१ साली एम.एस्सी. झाली आणि त्यानंतर डी.एस्सी.साठी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सादर केला. त्यातली सरकारी धोरणावरील टीका परीक्षकांना बोचली आणि प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला, असे चरित्रकार सांगतात. बाबासाहेबांनी मांडणी बदलली, निष्कर्ष मात्र ठेवले. १९२३ च्या अखेरीस पदवी मिळाली आणि त्याच सुमारास लंडनच्या पी. एस. किंग आणि सन या प्रकाशकांनी 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा ग्रंथ छापला. तो आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे.

आता हा रुपयाचा प्रश्न होता तरी काय? १८७३ पासून चांदीचा भाव घसरत गेला आणि रुपया चांदीचा असल्यामुळे त्याची किंमतही घसरत गेली. १८९३ साली सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या. रुपये पाडण्याचा अधिकार फक्त सरकारकडे राहिला. पुढे रुपयाचा दर सोन्याच्या पौंडाशी बांधला, पण देशात सोन्याचे नाणे मात्र फिरले नाही. या व्यवस्थेला सुवर्ण विनिमय परिमाण म्हणतात. जॉन मेनार्ड केन्स यांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात तिची वाखाणणी केली होती. बाबासाहेबांनी नेमके तिलाच आव्हान दिले. विलायतेशी दर कायम राहिला म्हणजे रुपया स्थिर झाला, हे त्यांना मान्य नव्हते. घरच्या बाजारात रुपयाला किती धान्य येते, हे खरे माप. सरकार हवे तितके रुपये पाडू शकत असेल तर भाव चढतात, आणि मजुरी भावांच्या मागे रखडत येते. म्हणून त्यांचा उपाय असा: रुपये पाडणे सरकारलाही बंद करावे, सोन्याचे नाणे चालू करावे, आणि चलन वाढविण्याची सत्ता कोणाच्या मर्जीवर ठेवू नये.

त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांनी प्रस्तावनेत स्वच्छ लिहिले की शिष्याचे बरेच युक्तिवाद आपल्याला पटत नाहीत. परंतु विचारांचा ताजेपणा आणि प्रत्यक्ष सूचनेचा रोख त्यांनी मान्य केला. मतभेद असूनही पुस्तक जगापुढे आणणारा असा गुरू आपल्या किती मुलांना लाभतो?

डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली. व्यापारी वर्ग रुपयाचा दर खाली आणा म्हणत होता. बाबासाहेबांनी दाखविले की दर खाली आला की देशातले भाव चढतील, फायदा धंदेवाल्यांचा होईल आणि तो मजुरांच्या पोटातून काढलेला असेल. याच साक्षीवरून आपल्याकडे असे सांगितले जाते की रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथावरूनच स्थापन झाली. याविषयी जपून बोलावे असे माझे मत आहे. आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. परंतु बाबासाहेबांची मुख्य सूचना सोन्याच्या नाण्याची होती, आणि ती आयोगाने स्वीकारली नाही. त्यांच्या साक्षीत मजुराच्या बाजूने चलनाचा विचार मांडला गेला. हे खरे मोठेपण सोडून ऐकीव गोष्ट मिरविली, तर विरोधक त्या एका गोष्टीवर बोट ठेवून सगळेच उडवून लावतात.

१९२५ साली दुसरा मोठा ग्रंथ आला, ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर. प्रस्तावना सेलिग्मन यांची, अर्पण सयाजीराव महाराजांना. १८३३ ते १९२१ या काळात केंद्र आणि प्रांत यांच्यात पैशाची वाटणी कशी बदलत गेली, आधी ठरावीक नेमणूक, मग नेमून दिलेली उत्पन्ने, मग वाटून घेतलेली उत्पन्ने, याचा हा इतिहास आहे. छापील प्रती दिल्यावर १९२७ साली कोलंबियाने पीएच.डी. प्रदान केली.

त्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला. येथून पुढे त्यांनी अर्थशास्त्रावर असा ग्रंथ लिहिला नाही. ज्याला विद्यार्थी असतात, विद्यापीठात आसन असते, त्याचे संदर्भ शिष्य देतात आणि शिष्यांचे शिष्य देतात. बाबासाहेबांचे अर्थशास्त्राचे अध्यापन दोन वर्षांत संपले. पुस्तके लंडनला छापलेली, महाग, पुढे मिळेनाशी झालेली. एवढ्याने थोडे विस्मरण समजते, सगळे समजत नाही. दलितांचे पुढारी अशी एकदा पाटी लावली की त्या माणसाने चलनावर लिहिले आहे हे पाहायची गरज विद्वानांना वाटली नाही, आणि या पाटीत जातीचा वाटा नव्हता असे मला म्हणता येत नाही. महाराष्ट्र शासनाने १९८९ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या सहाव्या खंडात हे अर्थशास्त्रीय लेखन एकत्र छापले. १९९१ साली डॉ. नरेंद्र जाधव यांनी आणि १९९९ साली एस. अंबिराजन यांनी इंग्रजी साप्ताहिकात त्यावर लेख लिहिले. जाधवांच्या लेखाच्या शीर्षकातच उपेक्षित हा शब्द होता.

वस्तुतः बाबासाहेबांनी हा विषय मनातून टाकलेला नव्हता. १९३७ साली त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. १९४२ पासून व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री म्हणून पाणी आणि वीज यांचे धोरण हाताळले. १९४७ साली शेती व मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे करण्याची योजना मांडली. त्याच १९४७ साली रुपयावरचा ग्रंथ मुंबईच्या थॅकर कंपनीने पुन्हा काढला. या वेळी नाव बदलून हिंदी चलन आणि बँकिंगचा इतिहास असे ठेवले आणि त्यापुढे खंड पहिला असे छापले. ऑगस्टमध्ये ते देशाचे कायदामंत्री आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. दुसरा खंड निघाला नाही.