इल्या मेचनिकोव्ह

इल्या इल्यिच मेचनिकोव्ह (१५ मे १८४५ – १५ जुलै १९१६) हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ व रोगप्रतिकारशास्त्राचे एक संस्थापक होते. शरीरातील काही पेशी स्वतः हालचाल करून रोगजंतूंपर्यंत पोहोचतात आणि त्यांना गिळून नष्ट करतात, हा त्यांचा प्रमुख शोध होय.

जीवन

मेचनिकोव्ह यांचा जन्म खार्किव प्रांतात (सध्याचे युक्रेन) झाला. खार्किव विद्यापीठाचा चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पूर्ण केला. पुढे त्यांनी समुद्री प्राण्यांच्या भ्रूणविकासाचा अभ्यास केला. १८७० मध्ये ते ओडेसा येथे प्राध्यापक झाले. १८७३ मध्ये त्यांच्या पहिल्या पत्नीचे क्षयरोगाने निधन झाले. राजकीय अस्वस्थतेच्या काळात, १८८२ मध्ये, विद्यापीठाचा राजीनामा देऊन ते सिसिलीतील मेसिना येथे गेले.

भक्षक पेशींचा शोध

मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक डिंभांमध्ये बारीक काटे टोचले. दुसऱ्या दिवशी काट्यांभोवती फिरत्या पेशी जमलेल्या आढळल्या. या डिंभांत रक्तवाहिन्या नसल्यामुळे पेशी तेथे रक्तप्रवाहाबरोबर वाहत आल्या नव्हत्या, हे स्पष्ट झाले. १८८४ मध्ये त्यांनी डॅफ्निया या गोड्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. कवकाचे बीजाणू पेशींनी गिळल्यास प्राणी वाचतो, पेशी अपुऱ्या पडल्यास तो मरतो, असे त्यात दिसून आले.

वाद व सन्मान

पांढऱ्या पेशी जंतूंचा शरीरभर प्रसार करतात, असा समज त्या काळी प्रचलित होता. त्यामुळे या सिद्धान्ताला तीव्र विरोध झाला. १८९० मध्ये बर्लिन येथे बेरिंग व कितासातो यांनी रक्तद्रवातील विषरोधक गुण दाखविल्यावर प्रतिकारशक्ती पेशींत की रक्तद्रवात, हा वाद अधिकच वाढला. १८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी पॅरिसमध्ये दिलेल्या प्रयोगशाळेतून मेचनिकोव्ह यांनी आपली बाजू मांडली. १९०३ मध्ये राइट व डग्लस यांनी रक्तद्रवातील घटकांमुळे जंतू गिळणे पेशींना सुलभ होते, असे दाखविले आणि दोन्ही बाजू परस्परपूरक ठरू लागल्या. १९०८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेचनिकोव्ह आणि रक्तद्रवपक्षाचे पॉल एर्लिख यांना विभागून मिळाले.

मुंबईत १८९७ मध्ये प्लेगची लस तयार करणारे वाल्देमार हाफकिन हे ओडेसा येथे मेचनिकोव्ह यांचे विद्यार्थी होते. उत्तरायुष्यात मेचनिकोव्ह यांनी वार्धक्यावर संशोधन करून आंबविलेल्या दुधाच्या सेवनाचा पुरस्कार केला. त्यांचे निधन पॅरिस येथे झाले. त्यांच्या अस्थी पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात जतन केल्या आहेत.