रघुनाथ विनायक धुळेकर

पेशवाईच्या काळात बुंदेलखंडात स्थिरावलेल्या मराठी समाजाचे झाशी हे प्रमुख केंद्र होय. विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मुळे मराठी वाचकाला ते परिचित आहे. याच झाशीत १८९१ साली रघुनाथ विनायक धुळेकर यांचा जन्म झाला. देवनागरी हिंदीच्या वळणाने त्यांच्या आडनावातील ‘ळ’चा ‘ल’ झाला आणि उत्तरेच्या सार्वजनिक जीवनात ते धुलेकर म्हणूनच वावरले. हा बदल केवळ लेखनापुरता मर्यादित नव्हता.

वकिली, वृत्तपत्रलेखन आणि राष्ट्रीय चळवळीतील कारावास या क्रमाने जात ते १९३७ मध्ये संयुक्त प्रांताच्या विधानसभेवर निवडून आले. पुढे घटनासमितीचे सदस्यत्वही त्यांना लाभले. तेथे १० डिसेंबर १९४६ रोजी, म्हणजे समितीच्या अवघ्या दुसऱ्या दिवशी, कार्यपद्धतीचे नियम हिंदुस्थानीत रचले जावेत अशी उपसूचना त्यांनी त्याच भाषेतून मांडली. अनेक सभासदांना ती भाषा कळत नाही, याकडे हंगामी अध्यक्ष सच्चिदानंद सिन्हा यांनी लक्ष वेधले. तेव्हा जे ती जाणत नाहीत त्यांना हिंदुस्थानात राहण्याचाच अधिकार नाही, इथपर्यंत धुळेकरांची मजल गेली. हा अतिरेकच होता. दक्षिणेकडील सभासदांच्या मनात त्याने जी धास्ती निर्माण केली, तिचे पडसाद पुढील भाषावादात उमटत राहिले. सप्टेंबर १९४९ च्या चर्चेतही हिंदी ही केवळ राजभाषा नसून राष्ट्रभाषा होय, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी त्यांनी तुलसीदासांबरोबर समर्थ रामदासांच्या हिंदी रचनेचा दाखला दिला. प्रांतांतरित मराठी माणसाची मनोघडण या निवडीतून जितकी उमगते तितकी त्यांच्या त्वेषातून उमगत नाही. ज्या अर्थी संतांनी भाषेची सीमा ओलांडली, त्या अर्थी आपण ती ओलांडणे हा स्वभाषेचा त्याग नव्हे, अशी त्यांची धारणा असावी. परंतु संतांनी स्वेच्छेने केले, ते इतरांवर नियम म्हणून लादता येते काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही.

पहिल्या लोकसभेनंतर १९५८ मध्ये ते उत्तर प्रदेश विधान परिषदेचे सभापती झाले. ज्याला एकदा भाषेवरून अडविण्यात आले होते, तो आता लखनौच्या विधान भवनात, हिंदीला राजभाषा मानणाऱ्या राज्यात, इतरांच्या बोलण्याचे नियमन करू लागला. पीठासीन व्यक्तीला वादात उतरता येत नाही. त्यांच्यासारख्या वक्त्याला ते मौन जड गेले असेल! हे पद त्यांनी १९६४ पर्यंत सांभाळले. दरम्यान १९६३ च्या राजभाषा अधिनियमाने इंग्रजीला घटनेतील पंधरा वर्षांच्या मुदतीपलीकडेही वाव दिला होता.

उत्तरायुष्यात त्यांनी उपनिषदे व वेदान्त यांवर लेखन केले. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.