बेळगाव ते अँटवर्प : फडेप्पा चौगुले

भारताचा पहिला संघ ऑलिंपिकला गेला तो १९२० साली, बेल्जियममधील अँटवर्प येथे. त्याआधी १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड एकटेच धावले होते. १९२० च्या संघात सहाच खेळाडू, आणि त्यांतले बहुतेक मुंबई इलाख्यातले. कुमार नवले व रणधीर शिंदे हे दोघे मल्ल. धावपटूंमध्ये होते बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले.

नाव कानडी वळणाचे, आडनाव थेट आपल्या गावगाड्यातले. चौगुला म्हणजे पाटलाच्या हाताखालचा वतनदार. सीमेवरच्या माणसाच्या दोन भाषा अंगवळणी पडलेल्या असतात, हे आम्हां भोपाळकरांना वेगळे सांगायला नको. शिवाजी नगरातली आपली मुले घरात मराठी आणि फाटकाबाहेर हिंदी बोलतातच.

चौगुल्यांचा जन्म १९०२ सालचा. त्यांच्या तरुणपणी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींना मोठे नाव होते. सर दोराबजी टाटा जिमखान्याचे अध्यक्ष होते. लांब पल्ल्याच्या शर्यतीत खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची पोरे अनवाणी धावत. ना त्यांना बूट माहीत, ना शास्त्रशुद्ध सराव. तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नव्हत्या. ही पोरे ऑलिंपिकला पाठवायचीच, असे टाटांनी मनावर घेतले. मुंबईच्या गव्हर्नरांकडे शब्द टाकला, वर्गणी जमवली, पदरचे पैसे घातले. चौगुले निवडले गेले तेव्हा त्यांनी विशीही गाठलेली नव्हती.

संघ बोटीने निघाला, आधी लंडनला थांबून तिथे सराव केला. मॅरेथॉन झाली २२ ऑगस्ट १९२० रोजी. तेव्हा शर्यतीचे अंतर पक्के ठरलेले नव्हते. अँटवर्पचा रस्ता भरला ४२.७५ किलोमीटर, ऑलिंपिकच्या इतिहासातली ही सर्वांत लांब मॅरेथॉन. आजच्या ४२.१९५ पेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच. हवा थंड, पावसाळी. फिनलंडचे हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटांत पहिले आले. सुरुवातीला ४८ जण होते, शेवटपर्यंत पोचले ३५. आपले सदाशिव दातार यांना शर्यत पुरी करता आली नाही. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पोचले, १९ वे.

१९ वा क्रमांक म्हणजे ना पदक, ना मिरवणूक. आम्ही सरकारी नोकरीतली माणसे. कागदावर ठळक शेरा नसला की चांगले कामही कसे तळाच्या फायलीत जाते, हे रोज पाहतो. चौगुल्यांचेही तसेच झाले. पुढे १९५२ साली हेलसिंकीला सुरतसिंग माथूर यांनी स्वतंत्र भारताकडून प्रथम ही शर्यत पुरी केली, त्यांचा क्रमांक ५२ वा. त्यांचे कौतुक रास्तच आहे, पण त्याआधी ३२ वर्षे बेळगावचा एक मुलगा अनोळखी देशात, अनोळखी हवेत तो पल्ला गाठून आला होता, हेही सांगायला हवे.

त्या संघाने वाट उघडली. १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली आणि दोराबजी टाटाच तिचे पहिले अध्यक्ष झाले.

उत्सवात मुलांच्या शर्यती होतात, तीन बक्षिसे वाटली जातात आणि बाकीची मुले प्रसाद घेऊन घरी जातात. यंदा १९ व्या आलेल्या मुलाला जवळ बोलावून फडेप्पा चौगुल्यांची गोष्ट सांगावी, एवढेच आमचे म्हणणे. गणपती बाप्पा मोरया!